माइल्स खात्यात, पण सीट कुठे? लांबच्या प्रवासात बिझनेस क्लासची अवॉर्ड सीट शोधताना

मुंब्रा, कोंढवा, महाड, श्रीवर्धन, रत्नागिरी. या भागांतल्या बऱ्याच घरांत एक मुलगा दोहा किंवा दुबईला, एक मुलगी लंडन नाही तर टोरंटोला, हे चित्र आता नवीन राहिलेलं नाही. मुलगा दर सुट्टीला विमानाने ये-जा करतो, त्याच्या नावावर माइल्स साठत जातात. इकडे घरात कोणाच्या तरी क्रेडिट कार्डावर पॉइंट साठलेले असतात. मग कधीतरी ठरतं की अम्मी-अब्बांना लेकीकडे लंडनला पाठवायचं. अम्मींचे गुडघे नऊ-दहा तास एका जागी बसू देत नाहीत, तेव्हा या वेळी बिझनेस क्लासने पाठवू या, पॉइंट आहेतच की!

इथपर्यंत ठीक असतं. पुढे घरातलं कोणीतरी उत्साहाने कार्डावरचे सगळे पॉइंट एका एअरलाइनच्या खात्यात पाठवतं, साइट उघडतं, तारीख टाकतं, आणि त्या तारखेला सीटच नसते. त्या आठवड्यात नसते, त्या महिन्यात नसते. आणि एकदा एअरलाइनकडे गेलेले पॉइंट कार्डावर परत येत नाहीत. दोन-तीन वर्षांची साठवण अशा खात्यात जाऊन बसते, जिथे तिचा उपयोग होईलच याची खात्री नाही.

म्हणून या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आधी सीट शोधायची, ती डोळ्यांनी पाहायची, मगच पॉइंट हलवायचे. हा क्रम उलटा झाला की बाकीची कुठलीही युक्ती कामाला येत नाही.

रिकामी सीट आणि अवॉर्ड सीट यांत फरक आहे

विमानात बिझनेस क्लासच्या वीस सीट रिकाम्या आहेत म्हणजे त्या माइल्सवर मिळतील, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नसतं. एअरलाइन आपल्या सीटा वेगवेगळ्या कप्प्यांत विभागते आणि प्रत्येक कप्प्याला इंग्रजीतलं एक अक्षर असतं. पैसे देऊन घेतल्या जाणाऱ्या तिकिटांचे कप्पे वेगळे, माइल्सचा कप्पा वेगळा. स्टार अलायन्सच्या कंपन्यांमध्ये बिझनेसच्या अवॉर्ड सीटेचा कप्पा साधारणपणे ‘आय’, ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेजसारख्या वनवर्ल्डच्या कंपन्यांमध्ये ‘यू’, आणि स्कायटीममध्ये ‘ओ’. त्या कप्प्यात शून्य असेल तर विमान अर्धं रिकामं असलं तरी तुमच्यासाठी ते भरलेलंच.

या कप्प्यात किती सीटा टाकायच्या हे कंपनीचा एक विभाग ठरवतो. त्याचं गणित साधं आहे: ही सीट पुढे रोख पैशाने विकली जाण्याची शक्यता किती? शक्यता कमी वाटली तर सीट माइल्सवाल्यांना, जास्त वाटली तर थांबा. मुंबई-लंडनसारख्या मार्गावर कंपन्यांचे अधिकारी, व्यापारी, डॉक्टर रोख तिकीट घेतात, म्हणून अंदाज नेहमी थांबण्याकडे झुकतो. डिसेंबरमध्ये, किंवा ब्रिटनमधल्या शाळांच्या जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत सीट मिळत नाही, त्याचं कारण हेच. आपल्याला नेमकं तेव्हाच जायचं असतं, ही आपली अडचण.

आणखी एक भानगड. एअरलाइन स्वतःच्या सभासदांना जितक्या सीटा दाखवते, तितक्या भागीदार कंपन्यांच्या सभासदांना दाखवत नाही. सिंगापूर एअरलाइन्स याचं ठळक उदाहरण. तिच्या लांबच्या मार्गांवरच्या बिझनेस सीटा बहुतेक करून फक्त तिच्याच क्रिसफ्लायर खात्यातून मिळतात, इतर कंपन्यांच्या माइल्सवर शोधलं तर हाती काही लागत नाही. तेव्हा कुठलं विमान यासोबत कोणाच्या खात्यातून पाहतोय, हेही महत्त्वाचं.

कोण कोणाचं भागीदार

जगातल्या बऱ्याच एअरलाइन तीन गटांत आहेत. स्टार अलायन्समध्ये २०१४ पासून आपली एअर इंडिया आहे, शिवाय लुफ्तान्सा, स्विस, सिंगापूर, टर्किश, युनायटेड, एअर कॅनडा, इथिओपियन. वनवर्ल्डमध्ये ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे पॅसिफिक, अमेरिकन, मलेशिया. स्कायटीममध्ये एअर फ्रान्स, केएलएम, सौदिया, डेल्टा, व्हर्जिन अटलांटिक. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच गटात नाहीत, त्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांशी स्वतंत्र करार आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा की एअर कॅनडाच्या एरोप्लान खात्यातले पॉइंट वापरून एअर इंडियाच्या किंवा लुफ्तान्साच्या विमानात बसता येतं. केपटाऊनला ज्यांचे नातेवाईक आहेत, आणि कोकणी मुसलमानांची तिथली वस्ती जुनी आहे, त्यांना मुंबईहून इथिओपियनने अदिस अबाबामार्गे जाताना कुठल्याही स्टार अलायन्स कंपनीचे पॉइंट उपयोगी पडू शकतात.

कतार आणि ब्रिटिश एअरवेज यांचं नातं तर याहून जवळचं. दोन्हीकडचे पॉइंट ‘एव्हिओस’ या एकाच नावाने चालतात. कतारने हे चलन २०२२ मध्ये स्वीकारलं. दोन्ही खाती एकमेकांना जोडून एव्हिओस इकडून तिकडे नेता येतात. दोह्यात नोकरी करणाऱ्या मुलाने कतारच्या प्रिव्हिलेज क्लबमध्ये साठवलेले एव्हिओस अब्बांच्या मुंबई-लंडन थेट विमानासाठी वापरता येतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. अट एकच, दोन्ही खात्यांवर नाव, जन्मतारीख, ईमेल तंतोतंत एकसारखं हवं.

शोधायचं कसं

पहिलं काम म्हणजे फुकटची खाती उघडणं. एअर इंडियाचा महाराजा क्लब, म्हणजे पूर्वीचं फ्लाइंग रिटर्न्स, ब्रिटिश एअरवेज, कतार, एरोप्लान, क्रिसफ्लायर, एअर फ्रान्स-केएलएमचं फ्लाइंग ब्लू. खातं उघडायला पैसे लागत नाहीत आणि खात्यात एकही पॉइंट नसला तरी बहुतेक ठिकाणी सीट आहे की नाही हे पाहता येतं.

मग मार्गाचे तुकडे पाडून शोधा. मुंबई ते लंडन थेट पाहिलं, नाही मिळालं, तर मुंबई-दोहा आणि दोहा-लंडन वेगळं पाहा. मुंबई-फ्रँकफर्ट, मुंबई-झुरिक, मुंबई-पॅरिस, मुंबई-ॲमस्टरडॅमही पाहून ठेवा. दिल्लीहूनही शोधा, मुंबई-दिल्लीचं साधं तिकीट वेगळं काढता येतं. लांबचा टप्पा बिझनेसमध्ये मिळाला आणि शेवटचा दीड तास साध्या सीटवर गेला, तर अम्मींच्या गुडघ्यांना फारसा फरक पडत नाही. पण एक लक्षात ठेवा, तुकडे वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यास दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नसते. सामान पुन्हा घेऊन पुन्हा द्यावं लागतं, आणि मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हेही तपासावं लागतं. वयस्कर माणसं एकटी जाणार असतील तर मी असं तिकीट काढणार नाही. दोन टप्पे असले तरी चालतील, पण एकाच तिकिटावर.

काही वेळा उलटही होतं. मुंबई-दोहा मोकळं दिसतं, दोहा-लंडन मोकळं दिसतं, पण मुंबई-लंडन म्हणून टाकलं की ‘उपलब्ध नाही’. कारण एअरलाइन पूर्ण प्रवासाचा हिशोब वेगळा धरते. साइट काम करत नाही असं समजू नका, हा तिचा नियमच आहे.

किती जणांसाठी शोधताय तेही पाहा. चार जण टाकलेत आणि सीटा दोनच असतील तर साइट ‘दोन आहेत’ असं सांगत नाही, सरळ ‘काही नाही’ म्हणते. आधी एकासाठी शोधा, मग दोघांसाठी. लांबच्या विमानात बिझनेसच्या दोन अवॉर्ड सीटा मिळणं शक्यतेतलं आहे, चार मिळणं नशिबाचं. अब्बा-अम्मी पुढे बिझनेसमध्ये आणि मुलं-नातवंडं मागे इकॉनॉमीत, अशी विभागणी केलीत तर काम सोपं होतं. ब्रिटिश एअरवेजने मात्र आपल्या लांबच्या विमानांत क्लब वर्ल्डच्या, म्हणजे बिझनेसच्या, किमान चार सीटा एव्हिओससाठी ठेवण्याचं जाहीर वचन दिलेलं आहे. त्या चार पहिल्याच दिवशी संपतात का, हा पुढचा प्रश्न.

सगळ्या साइट एकेक करून पाहायचा कंटाळा येत असेल तर सीट्स डॉट एरो, पॉइंट डॉट मी यांसारखी शोधयंत्रं आहेत. ती अनेक कंपन्यांच्या सीटा एकत्र दाखवतात. फुकटात थोडं दाखवतात, बाकीसाठी पैसे घेतात. एक्सपर्टफ्लायर तर थेट ते अक्षरांचे कप्पेच दाखवतं. माझ्या मते वर्षातून एकदा प्रवास करणाऱ्या घराला वर्षभराची वर्गणी भरायची गरज नाही. फुकटच्या भागात कुठल्या महिन्यात सीटा सुटतात याचा अंदाज घ्यायचा आणि पक्कं करायला एअरलाइनच्या साइटवर जायचं. कारण या यंत्रांत आणि कधी कधी भागीदार कंपनीच्या साइटवरही ‘भूत सीट’ दिसते: यादीत असते, बुक करायला गेलात की गायब. पॉइंट पाठवण्याआधी बुकिंग शेवटच्या पानापर्यंत नेऊन पाहा. टॅक्सची रक्कम दिसते का, प्रवाशाचं नाव भरता येतं का? शंका असेल तर एअरलाइनला फोन करून फ्लाइट नंबर आणि तारीख सांगा आणि ही अवॉर्ड सीट खरंच आहे का, हे विचारा.

सीट सुटते केव्हा, आणि चांदाचा हिशोब

सीटा सुटण्याच्या दोन वेळा असतात. एक, बुकिंग उघडतं त्या दिवशी. दुसरी, उड्डाणाला दोन आठवडे ते दोन-तीन दिवस उरलेले असताना, जेव्हा कंपनीला कळतं की या सीटा आता विकल्या जात नाहीत. मधल्या काळात सीट निघतच नाही असं नाही, पण ती बहुतेक वेळा कोणीतरी रद्द केलेली असते.

शेवटच्या घडीची वाट पाहणं कोणाला परवडतं? ज्यांचा व्हिसा पासपोर्टवर आधीच आहे, घरात लग्न-बाळंतपणासारखी ठरलेली तारीख नाही, आणि चार दिवसांत बॅग भरता येते. निवृत्त अब्बा-अम्मी यात बसू शकतात. अशांनी हातात इकॉनॉमीचं रद्द करता येणारं तिकीट ठेवावं आणि शेवटचे पंधरा दिवस रोज सकाळी बिझनेस पाहत राहावं.

ठरलेल्या तारखेवाल्यांनी मात्र पहिल्या दिवशीच हजर व्हायला हवं. ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर ३५५ दिवस आधी बुकिंग उघडतात, कतार सुमारे ३६१ दिवस आधी, युनायटेड ३३७ दिवस आधी.

आता हा ३५५ आकडा पुन्हा वाचा. चांद वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं! भारतात २०२३ ची ईद-उल-फित्र २२ एप्रिलला झाली, २०२४ ची ११ एप्रिलला, म्हणजे ३५५ दिवसांनी. २०२५ ची ३१ मार्चला, म्हणजे ३५४ दिवसांनी. याचा अर्थ, पुढच्या वर्षी ज्या चांद तारखेला उडायचं आहे, त्याच चांद तारखेच्या आसपास यंदा त्या विमानाची सीट उघडते. पुढच्या वर्षी २५ रमजानला लंडनहून घरी यायचं असेल तर यंदाच्या २४-२५ रमजानला शोधा. बकरी ईदच्या चार दिवस आधी यायचं असेल तर यंदा बकरी ईदच्या चार-पाच दिवस आधी. चांद एक दिवस पुढे-मागे होतो, म्हणून दोन्ही दिवस पाहा.

कॅलेंडर उघडून इंग्रजी तारखा मोजत बसण्यापेक्षा हे आपल्याला सोपं आहे. त्यातही योगायोग असा की ब्रिटिश एअरवेजच्या नव्या तारखा लंडनच्या मध्यरात्रीच्या सुमारास उघडतात, तेव्हा आपल्याकडे पहाट असते. रमजानात घर त्या वेळी जागंच असतं. सहरीनंतर किंवा फजरची नमाज झाल्यावर पाच मिनिटं फोनवर पाहिलं तरी काम होतं. जी मंडळी दुपारी आरामात शोधतात त्यांच्या आधी तुम्ही पोहोचलेले असता.

युनायटेडसारख्या ३३७ दिवसांच्या कंपनीसाठी हाच हिशोब सतरा-अठरा दिवस पुढे ढकलायचा. ईदच्या दिवसाची सीट हवी असेल तर यंदाच्या ईदनंतर अडीच आठवड्यांनी.

जाण्याची आणि येण्याची सीट एकाच दिवशी उघडत नाही, हे उघडच आहे. परतीची तारीख दोन महिन्यांनंतरची असेल तर ती दोन महिन्यांनंतर उघडेल. म्हणून जाण्याचं एकेरी तिकीट आधी काढा, येण्याचं नंतर. बहुतेक ठिकाणी एकेरीला दुहेरीच्या निम्मेच पॉइंट लागतात, तोटा होत नाही. तारीख बदललीच तर ब्रिटिश एअरवेजसारख्या कंपन्या उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत ठराविक फी घेऊन एव्हिओस परत देतात. पण हा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा, तेव्हा बुक करण्याआधी वाचून घ्या.

उमऱ्याबद्दल बरेच जण विचारतात. मुंबई-जेद्दा पाच-सहा तासांचा प्रवास. रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात तिथल्या बिझनेसच्या अवॉर्ड सीटा जवळपास नसतातच. माझं मत स्पष्ट आहे: तेवढ्या तासांसाठी बिझनेसचे पॉइंट जाळू नका. तेच पॉइंट लंडन-टोरंटोच्या रात्रभराच्या प्रवासाला ठेवा, किंवा उमऱ्यालाच जायचं तर घरातल्या चौघांची इकॉनॉमी काढा. वर सांगितलेला चांदाचा हिशोब इकॉनॉमीलाही लागू होतो. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना मात्र पॉइंटचा उपयोग नाही, तिथे विमान ठरवून दिलेलं असतं.

‘फुकट’ तिकिटाचे पैसे

अवॉर्ड तिकीट फुकट नसतं. टॅक्स आणि सरचार्ज रोख भरावे लागतात, आणि काही कंपन्यांचा सरचार्ज एवढा असतो की त्या पैशात इकॉनॉमीचं तिकीट येईल. ब्रिटनमधून निघताना सरकारचा एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर लागतो. लंडन-मुंबईसाठी बिझनेसमध्ये तो एका माणसाला २०० पौंडांच्या वर जातो, इकॉनॉमीत त्याच्या निम्म्याहून कमी. हा कर ब्रिटनमधून निघताना लागतो, तिथे जाताना नाही. म्हणून पॉइंट मर्यादित असतील तर जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी हा मार्ग वाईट नाही. एरोप्लान भागीदार कंपन्यांच्या तिकिटांवर इंधनाचा सरचार्ज लावत नाही, फक्त टॅक्स आणि थोडी फी घेतं. त्यामुळे लुफ्तान्साची तीच सीट एका खात्यातून महाग आणि दुसऱ्यातून स्वस्त पडू शकते.

हिशोब कसा करायचा? मानू या, बिझनेसचं एकेरी तिकीट रोख १,६०,००० रुपयांना आहे. माइल्सवर ते ६०,००० पॉइंट अधिक २५,००० रुपयांत मिळतं. वाचले १,३५,००० रुपये, म्हणजे पॉइंटला सव्वादोन रुपये. पॉइंटवाले व्हिडिओ इथेच थांबतात आणि टाळ्या वाजवतात. पण तुम्ही १,६०,००० रुपये रोख देऊन अम्मींना बिझनेसने पाठवलं असतं का? नसतं. तुम्ही ४०,००० चं इकॉनॉमी काढलं असतं. म्हणजे खिशातले प्रत्यक्ष वाचलेले पैसे १५,०००, आणि बाकी सगळी अम्मींच्या आरामाची किंमत. ती किंमत द्यायला हरकत नाही, आई-वडिलांसाठी नाही तर कोणासाठी? फक्त आपण काय देतोय हे माहीत असावं. आणि गरज केवळ व्हीलचेअरची असेल तर ती इकॉनॉमीच्या प्रवाशालाही मागितली की मिळते, त्यासाठी बिझनेस लागत नाही.

कार्ड, व्याज आणि आपण

प्रवास करून मिळालेल्या माइल्सबाबत कोणाला फारशी शंका नसते. प्रश्न येतो तो क्रेडिट कार्डाच्या पॉइंटचा. या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत. पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्याला कार्ड वापरण्याची मुभा देणारे आहेत, आणि उशीर झाल्यास व्याज देईन अशा करारावर सही करणंच नाजायज मानणारेही आहेत. ज्यांना पहिलं मत पटतं त्यांनी वापरावं, ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना विचारावं. हा निर्णय आमच्यासारख्या बातमीच्या साइटने द्यायचा नाही.

व्यवहाराचा भाग मात्र सांगता येतो. भारतात अनेक कार्डांवर थकबाकीचं व्याज महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर, आणि त्यावर जीएसटी. दोन महिने बिल थकलं की वर्षभराच्या पॉइंटची किंमत गेली. ‘बिझनेस क्लास मिळेल’ म्हणून लग्नाचा खर्च कार्डावर टाकून पुढे हप्ते पाडणारी घरं आहेत. त्यांना ती सीट रोख तिकिटापेक्षा महाग पडते, व्याजाचा गुनाह वेगळाच.

खात्यात पडून राहिलेल्या माइल्सनाही मुदत असते. सिंगापूरचे माइल्स तीन वर्षांनी संपतात, तुम्ही मधल्या काळात काहीही करा. एव्हिओस ३६ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तरच संपतात. कॅथेचे एशिया माइल्स १८ महिने हालचाल नसेल तर. गल्फमधल्या मुलाला आज फोन लावाल तेव्हा खात्यातली मुदतीची तारीख पाहायला सांगा. जुन्या प्रवासाचे माइल्स जमा झाले नसतील तर ठराविक महिन्यांच्या आत मागताही येतात, बोर्डिंग पास जपून ठेवला असेल तर.

नाव, नॉमिनी आणि अर्ध्या किमतीचा एजंट

आपल्या समाजात नावाची अडचण खास आहे. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा, कुणाचं ‘शेख’ नावाच्या आधी तर कुणाचं नंतर, आईच्या पासपोर्टवर ‘बी’ वेगळं आणि आधारवर जोडून. माइल्सचं खातं उघडतानाच नाव पासपोर्टप्रमाणे घाला. पुढे बदलायला कागदपत्रं पाठवावी लागतात आणि तेवढ्यात सीट जाते. आडनावाचा रकाना कोरा असेल तर प्रवासाच्या आधी पासपोर्टच दुरुस्त करून घेणं बरं. यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली, हे दुबईमार्गे जाणाऱ्यांना ठाऊक असेल.

काही कंपन्या तुमच्या माइल्सवर कोणालाही पाठवू देत नाहीत, आधी नॉमिनी म्हणून नाव नोंदवावं लागतं. क्रिसफ्लायरमध्ये असे पाच जण ठेवता येतात. अब्बा-अम्मींची नावं आजच घाला, सीट सापडल्यावर धावपळ नको.

आणि व्हॉट्सॲपवर येणारी ती जाहिरात, ‘लंडन बिझनेस क्लास अर्ध्या किमतीत’. असे एजंट दुसऱ्या कोणाच्या खात्यातले माइल्स विकत घेऊन तुमच्या नावाने तिकीट काढतात. माइल्सची विक्री जवळपास प्रत्येक एअरलाइनच्या नियमांविरुद्ध आहे. कंपनीला कळलं तर ती खातं बंद करते आणि तिकीट रद्द करते, कधी कधी प्रवासी परतीच्या वाटेवर असताना. त्या वेळी एअरलाइन तुमच्याशी बोलत नाही, कारण तिकीट तुम्ही तिच्याकडून घेतलेलं नसतं. सत्तर वर्षांच्या माणसाला परदेशी विमानतळावर अशा अवस्थेत उभं करण्यापेक्षा इकॉनॉमी बरी.

तिकीट हातात आल्यावर दोन कामं उरतात. भागीदार कंपनीच्या पॉइंटवर काढलेल्या तिकिटाला दोन बुकिंग नंबर असतात: एक ज्याने तिकीट दिलं त्याचा, दुसरा ज्याचं विमान आहे त्याचा. तो दुसरा नंबर मागून घ्या आणि त्यावर विमान कंपनीच्या साइटवर सीट निवडा, व्हीलचेअर मागा, आणि मुस्लिम मील सांगा. त्याचा कोड एमओएमएल. बिझनेस क्लासमध्ये मेनू देऊन ऑर्डर घेतात म्हणून हलाल जेवण असेलच असं युरोपच्या कंपन्यांत गृहीत धरता येत नाही, ते निदान २४ तास आधी सांगावंच लागतं. आणि विमानाची वेळ बदलली तर कंपनीचा ईमेल ज्याच्या खात्यातून तिकीट काढलं त्याला जातो, अम्मींना नाही. तेव्हा दोह्यातल्या मुलाला सांगून ठेवा की त्या ईमेलकडे रोज एकदा नजर टाकत जा.